सातवा आलेला टिकाराम

चंपत रंगारी दोनदा मेला. पहिल्यांदा १९५० साली, पटकीच्या साथीत, गोंदियाजवळच्या आमच्या गावात. दुसऱ्यांदा १९६७ साली, काविळीनं, भिलाईच्या दवाखान्यात. दोन्ही वेळा कागदावर नोंद झाली, शिक्का बसला. आता तुम्ही म्हणसान, केवलराम म्हातारा झाला, याचं डोकं फिरलं. नाही बाप्पा, डोकं जाग्यावर आहे. दुसऱ्यांदा मेला तो चंपत नव्हता, त्याचा लहाना भाऊ टिकाराम होता. अन् टिकारामचा चंपत करणारा मी.

अजून जुन्या लोकांत गोष्ट निघाली का कोणी ना कोणी म्हणतेच, "बासष्टच्या शर्यतीत तो चंपत शेवटल्या वावरात भेला, ढेपाळला." माह्या अंगाचा तिळपापड होते. अरे, तुमाले काय माहीत! फुकटच्या गप्पा हाणता. मी होतो तिथे. म्हणून सांगून राहिलो, नीट ऐका.

सत्तावनच्या उन्हाळ्यात मी भिलाईले पोलाद कारखान्याच्या बांधकामावर आलो. तेव्हा इथे भट्टी नव्हती, चिमणी नव्हती. लाल मुरूम, मोठमोठे खड्डे, तंबू अन् धूळ. मी सातवी पास, म्हणून टाइम ऑफिसात हजेरी पुकारायच्या कामावर लागलो. दोन महिन्यांनी टिका आला. आमचं गाव एक, मोहल्ले वेगळे. आम्ही कुणबी, ते लोक आदल्याच वर्षी नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलेले. गावात आम्ही एकमेकांच्या घरी जेवलो नव्हतो. इथे एका झोपडीत राह्यलो, एका चुलीवर भात शिजवला. गावात जे झालं नसतं ते परगावात झालं, अन् मले ते बरं वाटत होतं.

टिका चौथी शिकलेला. चौथीवाल्याले माती वाह्यचं काम भेटे, ते काम खड्डा भरला का खतम. पक्की नोकरी पाहिजे तं सातवीचा दाखला पाहिजे. अन् त्याचा मोठा भाऊ चंपत सातवी पास झाला होता. निकाल लागला त्याच वर्षी पटकीनं गेला.

मीच म्हटलं, "टिका, चंपतचा दाखला आहे ना घरी?"

तो चुलीतली लाकडं सारत राह्यला.

"अबे, बोल ना. दोन वर्षांचा तं फरक. कोण पाहते इथे?"

अन् खरंच कोणी पाहत नव्हतं. त्या दिवसांत कोणी चुलतभावाच्या नावावर लागला होता, कोणी मेहुण्याच्या. एक जण तं बापाच्या नावावर होता, कागदावर साठीले टेकलेला अन् अंगानं तिशीचा. आमी हसायचो त्याच्यावर. कोणाले त्यात पाप वाटत नव्हतं. पण ती जिवंत माणसांची नावं होती, हा फरक माह्या टाळक्यात शिरला नाही.

टिका गावी जाऊन दाखला घेऊन आला. त्याची माय, भीमाबाई, तिनं पेटीतून काढून दिला. "जाऊ दे, माह्या लेकाचं शिक्षण वाया नाही गेलं," म्हणाली म्हणे. अन् मग त्या दिवशी जेवली नाही. ओळखीचा साक्षीदार म्हणून मी सही ठोकली: हा चंपत रंगारीच, मी याले लहानपणापासून ओळखतो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी हजेरीत 'चंपत रंगारी' पुकारायचो अन् टिका 'हाजिर' म्हणायचा. पहिले काही दिवस त्याले दोनदा पुकारावं लागे.

पुढल्या वर्षी त्याचं लग्न झालं, भागीरथाशी. पहिली पोरगी झाली, हिरा. दवाखान्याच्या कार्डावर लिहिलं होतं: भागीरथा, पती चंपत रंगारी. ती कार्ड घेऊन माह्यापाशी आली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिले, पण नर्सनं मोठ्यानं वाचलं होतं.

"भाऊजी, तुमी मले जेठाची बायको केली," ती म्हणाली. "ज्या थोरल्या दिरासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही त्याची."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "कागद आहे तो वैनी, कागदाले काय कळते?" आता आठवलं का स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी वाटते.

टिकाचं काम भट्टीच्या बांधकामावर होतं. तेव्हा सगळीकडे टेलिफोन पोचले नव्हते. फोरमनची चिठ्ठी भट्टीवरून कोक ओव्हनकडे न्यायची तं मधात मैल-दीड मैल नुसते चर, पाइप, लोखंडाचे ढीग. ट्रक फिरून जाये, त्याले पाऊण तास लागे. टिका सरळ जाये अन् वीस मिनिटांत उत्तर घेऊन परत. धानाच्या वावरातला पोट्टा तो, धुऱ्यावरून पळायची सवय. धुरा म्हणजे धानाच्या दोन वावरांच्या मधातला मातीचा बांध. त्याच्यावर उडी मारली का माणूस घसरते. टिका धुऱ्याच्या उतारावर तिरपा पाय टेकवून पलीकडे जाये, वेग तसाच ठेवून. आमाले त्यात काही नवल वाटत नव्हतं, आमच्याकडे सगळी पोरं तशीच पळतात.

नवल वाटलं एका रशियन इंजिनिअरले. गेन्नादी त्याचं नाव, कामगारांनी त्याचा गेंदासाहेब केला होता. लाल तोंडाचा, धिप्पाड, हिंदी मोडकीतोडकी. जवानीत आपल्या देशात तो क्रॉस कंट्री पळलेला. ही शर्यत मैदानात गोल गोल फिरायची नसते. वावरातून, नाल्यातून, चढावरून, जशी जमीन येईन तसं पळायचं. त्यानं टिकाले चर ओलांडताना पाह्यलं अन् दोन-तीन दिवस नुसता पाहतच राह्यला. मग एक दिवस हजेरीच्या खिडकीशी येऊन मले विचारलं, "वो कौन?"

मी सांगतलं, "चंपत."

"चंपत. कल सुबह पाँच बजे," एवढंच बोलला.

तवापासून तीन वर्षं दोघं रोज पहाटे रिसालीकडच्या वावरांतून पळत. गावातल्या बाया पाणी भरायले निघत तं यांचं अर्धं पळणं झालेलं असे. आमी टिकाले चिडवायचो, "का बे, साहेबानं जावई करून घेतला का तुले?" तो हसे. कमी बोलणारा माणूस, पण पळून आला का दहा मिनिटं बोलत राहे. आज जमीन कशी होती, कोणत्या नाल्यात पाय कसा पडला, श्वास कुठे अडकला. मले अर्धं समजत नव्हतं. पण तेवढ्या वेळात तो कोणाच्या नावाचा आहे हे त्यालेही आठवत नसावं, असं मले वाटे.

एकसष्टच्या दिवाळीनंतर नोटीस लागली. रशियात पोलाद-कामगारांची आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा होणार, दहा-बारा देशांचे लोक येणार. आपल्या देशातून सहा जण जातीन. त्यांची निवड जानेवारीत, भिलाईतच. बाकीच्या कारखान्यांचे गडी इथे येऊन पळतीन, पहिले सहा येतीन ते जातीन.

टिका नोटीस वाचून माह्याकडे आला.

"केवलभाऊ, जिंकीन असं नाही म्हणत मी. पण इतक्या देशांचे लोक एका वावरात पळतीन. मले फक्त पाह्यचं आहे, मी त्यात कुठे बसतो."

जन्मात त्यानं काही मागितलं नव्हतं. भावाचा दाखलासुद्धा मी मागायले लावला होता. हे पहिलंच.

मग फॉर्म आला. जे पळणार त्यांनी पासपोर्टचा कागद आधीच भरून द्यायचा होता. ऑफिसात अरुणकुमार नावाचा क्लार्क होता, खेळाचं काम त्याच्याकडे. तो म्हणाला, "जे सहा निघतीन त्यांचा गावच्या ठाण्यातून तपास होणार. पोलीस पाटलाले विचारतीन, जन्माची नोंद पाहतीन." आमच्या पोलीस पाटलानंच पटकीच्या साली मेलेल्यांची यादी केली होती. त्यात चंपतचं नाव त्याच्याच हातचं. पोलीस गावात गेला असता तं पाटील म्हणाला असता, कोणता चंपत? त्याले तं मीच मातीत जाताना पाह्यलं.

त्या इतवारी दुपारी टिकाच्या घरी बसलो. भागीरथा, टिका अन् मी. टिका म्हणाला, "केवलभाऊ, मी सांगून टाकतो. आपणहून सांगतलं तं सोडतीन. गेंदासाहेब बोलन माह्यासाठी."

मी भडकलो. "येडा झाला का बे? नोकरी जाईन, क्वार्टर जाईन, वरून खोट्या कागदाची केस. दोन लेकरं घेऊन कुठे जाशीन? गावात? काय आहे गावात?"

भागीरथा म्हणाली, "सांगू द्या त्याहिले, भाऊजी. नोकरी गेली तं मी माती वाहीन. पण मी जेठाची बायको म्हणून मरायची नाही."

"वैनी, तुमी मधात पडू नका," मी तिच्यावर वस्सकन ओरडलो.

तेव्हा मी लेकराबाळांची भीती दाखवली. खरं सांगू? मले माही भीती वाटून राहिली होती. साक्षीदाराची सही माही होती. टिका सुटला असता तरी मी सुटलो नसतो. हे मी त्याले सांगतलं नाही. त्यानं मात्र ओळखलं असन, कारण तो माह्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राह्यला अन् मग म्हणाला, "बरं. तुमी सांगा तसं."

मी सांगतलं, "पळायचं. नाही पळाला तं लोक विचारतीन. पण सातवा ये. सातवा आला तं मान राहते अन् तपासही टळते."

सातवा ये! लोक लेकरांले पहिला ये म्हणतात. मी त्या माणसाले सातवा ये म्हणून शिकवलं.

शर्यत पाह्यले भीमाबाई गावाहून आली. मी तिले घ्यायले दुर्ग स्टेशनवर गेलो. सायकल-रिक्षात बसल्यावर म्हटलं, "माय, मैदानात टिका म्हणायचं नाही हं. इथे सगळे त्याले चंपत म्हणतात. ओरडायचं असलं तं चंपत म्हणून ओरड."

तिनं माह्याकडे पाह्यलं. "बारा वर्षं झाली बाबू, ते नाव मी तोंडातून काढलं नाही."

"एक दिवस काढ. तुह्या लेकाच्या नोकरीचा सवाल आहे."

तिनं पदर डोईवर पुढे ओढून घेतला.

चाळीसेक गडी पळाले. बारा किलोमीटर. मैदानातून निघायचं, रिसालीच्या धानाच्या वावरांतून तलावाले वळसा घालून परत. धान कापलेलं, धसकटं उभी, जमीन कडक. बाहेरचे मोठमोठे पळणारे, सडकेवर अन् मैदानात तयार झालेले, पहिल्याच धुऱ्यांवर धडपडू लागले. टिका त्यांच्यातून असा निघाला का जसा चिठ्ठी घेऊन चालला आहे. गेंदासाहेब मैदानाच्या कडेनं येरझारा घालत होता अन् स्वतःच्याच भाषेत काहीबाही बडबडत होता.

पाऊण तासाच्या आत तलावाच्या पाळीवर एक माणूस दिसला. एकटाच. माईकवर अरुणकुमार ओरडला, "सबसे आगे, हमारे भिलाई के चंपत रंगारी!"

भीमाबाईनं दचकून पदर तोंडाशी धरला. आजूबाजूचे कामगार नाचू लागले, "चंपत! चंपत!" हजार माणसांनी तेच नाव लावलं. मी मनात म्हणून राहिलो, अरे सातवा ये, सातवा ये, लेका, काय करून राहिला तू? तो शेवटल्या वावरात उतरला. दोनशे पावलं उरली होती अन् मागचा गडी अजून धुऱ्यापलीकडे होता. टिका आमच्या जवळूनच जाणार होता. तेव्हा भीमाबाई पुढे झाली, पदर सोडला अन् छाती फुटेस्तोवर ओरडली, "चंपत! धाव माह्या राजा! चंपत रे!"

टिकानं तिच्याकडे पाह्यलं. पाच-सहा पावलं टाकली. अन् थांबला.

टोंगळ्यावर हात ठेवून वाकून उभा राह्यला. पहिला गडी त्याच्या बाजूनं गेला. दुसरा गेला. लोक शिव्या देऊ लागले, "अबे भाग! भाग ना!" तिसरा, चौथा. मी मोजत होतो. सहावा गेला, अन् टिका सरळ झाला, हळूहळू पळत येऊन सातवा आला. लंगडत नव्हता. धाप लागली नव्हती.

त्या मैदानात एकटा मी खूश होतो. मनात म्हटलं, शाब्बास पोट्ट्या, ऐकलं माह्यं. देवा, काय माणूस होतो मी!

गेंदासाहेब धावत आला, टिकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पैर?"

टिकानं मान हलवली.

"पेट?"

नाही.

"फिर क्यों?"

टिका पायावरची धूळ झाडू लागला. साहेबानं हात काढून घेतला अन् निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वावरात आला नाही. टिका जाऊन उभा राह्यला. आठ-दहा दिवस रोज जाऊन उभा राह्यला, मग त्यानंही सोडलं. उन्हाळ्यात साहेबाची मुदत संपली, तो आपल्या देशी गेला. जाताना सगळ्यांशी हात मिळवला, टिकाशी नाही. मी त्याच्या बंगल्यावर जाऊन दोन शब्द सांगू शकलो असतो. दहा वेळा निघालो अन् दहा वेळा परतलो. त्या साहेबाच्या मनात टिका भेकडच राह्यला असन. आता तो तरी जिवंत आहे का कोण जाणे.

ते सहा जण रशियात पळून आले. आपला एकही गडी पहिल्या तिसात नव्हता. टिका त्यानंतर कधी पळला नाही. ड्युटीची बस सुटत असली तरी तो चालत जाये, अन् बस सुटली तं सुटली.

सदुसष्टच्या मार्चात त्याले कावीळ झाली. मी रोज चार वाजता, भेटायच्या वेळेत, दवाखान्यात जायचो. एक दिवस तो जरा हुशार वाटला. भागीरथा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मी उगाच जुन्या गोष्टी काढत होतो. न राहवून म्हटलं, "टिका, त्या दिवशी तू माह्यं ऐकलं म्हणून आपण दोघं वाचलो."

तो म्हणाला, "तुमचं नाही ऐकलं, केवलभाऊ."

"म्हणजे?"

"आदल्या दिवशी अरुणकुमारनं मले सांगतलं होतं. सगळ्यांची हमी कारखान्यानंच घेतली. गावात पोलीस जाणार नव्हता. कोणाच्याच गावात नाही गेला."

"मग कावून थांबला बे? कावून थांबला?"

तो दम खात खात बोलला. "मी जिंकायलेच उतरलो होतो. पण मायनं हाक मारली. चंपतचा दाखला घेतला मी. नोकरी त्याची. बायको त्याच्या नावावर, पोरं त्याच्या नावावर. एक पळणं तेवढं माह्यं होतं. तेही त्याच्या नावानं जाऊन राह्यलं होतं, अन् मायच देऊन राह्यली होती. मले नाही द्यायचं होतं, केवलभाऊ. एवढं एक नाही द्यायचं होतं."

मायले ते नाव घ्यायले मी लावलं होतं. हे मी त्याले कधी सांगतलं नव्हतं. त्या दिवशी सांगतलं. रडलो. भागीरथासमोर, साऱ्या वॉर्डासमोर रडलो. म्हटलं, "मले माफ नको करू, पण काही तं बोल."

तो मग म्हणाला, "इथे नर्सा चंपत म्हणतात, डॉक्टर चंपत म्हणते. तुमी एकदा मोठ्यानं हाक मारा मले. लोक ऐकतीन अशी."

मी डोळे पुसले. खाटेजवळ उभा राह्यलो. बाजूच्या खाटेवरचा माणूस आमच्याच प्लँटचा, तो मान वळवून पाहून राहिला होता. मी तोंड उघडलं अन् मोठ्यानं हाक मारली.

"चंपत!"

कसं निघालं, मले नाही समजलं. दहा वर्षांची जिभेची सवय होती का त्या शेजाऱ्याची भीती, अजूनही सांगता येत नाही. भागीरथा उठून बाहेर गेली. मी लगेच खाली बसलो, त्याचा हात धरला अन् "टिका, टिका, टिकाराम" म्हणत राह्यलो, पण त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.